राणीघरांसाठी अंड्यांचा इनक्युबेटर: घ्यावा का, आणि घेतलाच तर कसा वापरायचा

जतकडच्या एका भावाने विचारलंय. त्यांच्याकडे मेलिफेराच्या, म्हणजे युरोपियन मधमाशीच्या, चाळीसेक पेट्या आहेत, ग्राफ्टिंग, म्हणजे लहान अळी उचलून राणीसाठीच्या कपात ठेवणं, आता हाताला बसलंय, एका वेळी पंचवीस-तीस राणीघरं (ज्यात राणी माशी वाढते ते मेणाचे कप्पे) तयार होतात. त्यांच्या मित्राने कोंबडीच्या अंड्यांचा छोटा इनक्युबेटर ऑनलाइन मागवला, राणीघरं त्यात ठेवली, तर निम्म्या राण्या आतच मेल्या, ज्या बाहेर आल्या त्यातल्या काहींचे पंख चुरगळलेले, आणि आल्या त्यासुद्धा ठरलेल्या दिवसाच्या आधीच. मग इनक्युबेटर घ्यावा की नाही, टेंपरेचर किती, ह्युमिडिटी किती, आणि राणीघरं कुठल्या दिवशी आत ठेवायची, असे चार प्रश्न आहेत.

मित्राचं काय झालं ते आधी सांगून टाकतो कारण वर दिलेल्या माहितीतच ते आहे. दिवसाच्या आधी बाहेर आल्या म्हणजे आत गरम होतं. अंड्यांचे इनक्युबेटर कंपनीतून येतात तेच ३७.५ किंवा ३७.८ वर सेट होऊन, कारण कोंबडीच्या अंड्याला तेवढंच लागतं. राणीघराला लागतं ३४.५ च्या आसपास. तीन अंश म्हणजे आपल्याला पंखा एक नंबरने वाढवावा इतकंच वाटतं पण कोषात बसलेल्या राणीसाठी तो जीवनमरणाचा फरक आहे. मशीन बहुतेक चांगलंच असेल, सेटिंग बदललं नाही एवढंच.

आता घ्यावा का. इथे खरा प्रश्न वेगळा आहे, तुमची राणीघरं शेवटचे सहा दिवस कुठे राहणार हा. कारण इनक्युबेटर फक्त तेवढ्याच दिवसांचं काम करतो. राणी चांगली निघणार की किरकोळ, हे राणीघराचं तोंड मेणाने बंद व्हायच्या आधीच ठरून गेलेलं असतं. अळी किती लहान उचलली, सेल बिल्डर पेटीत, म्हणजे राणीघरं वाढवणाऱ्या पेटीत, दाई माश्या (अळ्यांना भरवणाऱ्या) किती होत्या, त्यांना पराग भरपूर येत होता का, राजान्न (राणीच्या अळीचं खास खाद्य) किती घातलं, यावर सगळं अवलंबून. तोंड बंद झाल्यावर माश्या राणीला काही खाऊ घालत नाहीत, नुसती ऊब देतात, आणि ऊब देणं हे काम विजेवर करता येतं म्हणून इनक्युबेटर चालतो. पण उपाशी राहिलेली अळी इनक्युबेटरने सुधारत नाही, हे आधीच डोक्यात पक्कं करा. मला बरेच जण सांगतात की मशीन घेतल्यावर राण्या मोठ्या निघतील. नाही निघणार.

फायदा मग कुठे? पहिला फायदा म्हणजे तुमची सगळ्यात ताकदवान पेटी, म्हणजे सेल बिल्डर, सहा दिवस लवकर मोकळी होते, त्यात पुढची बॅच लावता येते. दुसरा म्हणजे एखादी राणी आधी बाहेर आली तरी बाकीच्यांचा खून होत नाही. ग्राफ्टिंग करताना एखादी अळी चुकून एक दिवस मोठी उचलली जाते, ती राणी सगळ्यांच्या आधी बाहेर येते आणि पट्टीवरची एकेक राणीघरं बाजूने कुरतडून आतल्या बहिणी मारून टाकते, सकाळी पेटी उघडावी तर सगळ्या राणीघरांना कडेला भोकं. इनक्युबेटरमध्ये प्रत्येक राणीघरावर पिंजरा असतो त्यामुळे हा प्रकार होत नाही. तिसरा फायदा, न्यूक, म्हणजे नवी राणी लावायच्या छोट्या पेट्या, तयार व्हायला एखादा दिवस उशीर झाला, पाऊस आला, टेम्पो आला नाही, तर थोडी सवड मिळते.

यातला दुसरा फायदा तर पेटीतही मिळतो बरं का. केसांना लावायच्या रोलरसारखे जे प्लास्टिकचे पिंजरे मिळतात ते ग्राफ्टिंगपासून दहाव्या दिवशी राणीघरांवर चढवून पट्टी तशीच ताकदवान पेटीत राणी जाळीच्या (जिच्यातून राणी जाऊ शकत नाही) वर ठेवायची. झालं. माश्या ऊब देतात, विजेचं बिल शून्य, आणि उन्हाळ्यात गार ठेवायचं कामसुद्धा त्याच करतात. म्हणून माझं मत असं की महिन्याला एखादीच बॅच आणि तीसाच्या आत राणीघरं असतील तर इनक्युबेटरची गरज नाही, हौस असेल तर घ्या. लागोपाठ बॅच लावायच्या असतील, दर आठवड्याला ग्राफ्टिंग असेल, राण्या विकायच्या असतील किंवा पेट्या एका गावात आणि तुम्ही दुसऱ्या गावात असाल, तर मात्र घ्याच. चाळीस पेट्या म्हणजे तुम्ही बरोबर मधोमध आहात. सूर्यफुलावर नाहीतर कांद्याच्या बियाण्यावर पेट्या हलवत असाल तर हलवायच्या धांदलीत सहा दिवस राणीघरं घरी सुखरूप राहतात, हा एकच मुद्दा मला पुरेसा वाटतो.

आता दिवसांचा हिशोब. मी तारखेपेक्षा वारावर चालतो, विसरायला होत नाही. समजा सोमवारी ग्राफ्टिंग केलं. अंड्याचे तीन दिवस झालेले असतात आणि अळी बाहेर येऊन बारा ते चोवीस तासांची असते, तीच उचलायची. शनिवारपर्यंत राणीघरांची तोंडं बंद होतात. पुढच्या गुरुवारी, म्हणजे ग्राफ्टिंगपासून दहाव्या दिवशी, राणीघरं पिकलेली असतात, ती न्यूकमध्ये लावायची. नाही लावली तर शुक्रवारी-शनिवारी राण्या बाहेर. अंडं घातल्यापासून धरलं तर मेलिफेराची राणी साधारण सोळाव्या दिवशी बाहेर येते, हा हिशोब सगळीकडे तोच, फक्त टेंपरेचरने एक दिवस इकडे तिकडे होतो.

इनक्युबेटरमध्ये कधी न्यायची तर दोन वेळा आहेत. एक, तोंडं पूर्ण बंद झाल्यावर लगेच, म्हणजे शनिवार-रविवार. दुसरी, थेट बुधवार-गुरुवारी. मधले दिवस हात लावायचा नाही. तोंड बंद झालं तरी अळी साधारण दिवसभर आतलं राजान्न खात असते, मग कोष विणते, मग कात टाकून कोषावस्थेत जाते, आणि त्या वेळी पंख, पाय सगळं इतकं नाजूक असतं की जरा धक्का बसला तरी पंखात खोट राहते. सुरुवातीला धक्का बसला तर अळी राजान्नावरून खाली घसरते आणि उपाशी मरते. म्हणून पट्टीवरच्या माश्या झटकायच्या नाहीत, आपण मधाची फ्रेम झटकतो तसं तर अजिबात नाही, मऊ ब्रशने किंवा नुसत्या थोड्या धुराने बाजूला करायच्या. राणीघर पेटीत जसं टोक खाली करून लटकतं तसंच न्यायचं, आडवं नाही, उलटं नाही. मोटरसायकलवरून कच्च्या रस्त्याने घरी न्यायचं असेल तर मी सांगेन बुधवारपर्यंत थांबा, तेव्हा आतली राणी बऱ्यापैकी घट्ट झालेली असते. घर आणि पेट्या एकाच आवारात असतील तर रविवारी न्या. मी स्वतः रविवारचाच आहे कारण मला सेल बिल्डर मोकळी हवी असते. नवीन माणसाने पहिल्या दोन-चार बॅच उशिराच न्याव्यात.

टेंपरेचरवर जरा जास्त बोलतो कारण निम्म्या राण्या इथेच जातात. सेट करायचं ३४.५. चौतीस ते पस्तीसच्या मध्ये राहिलं की मी समाधानी. छत्तीसच्या वर काळजी, सदतीसला नुकसान धरूनच चाला. बत्तिसच्या खाली सतत राहिलं तर राण्या उशिरा येतात, पंख नीट उघडत नाहीत, काही येतच नाहीत. आणि वरून चांगली दिसणारी राणी आतून चांगली असेलच असं नाही. जर्मनीत वुर्झबर्गच्या संशोधकांनी २००३ मध्ये कामकरी माश्यांवर एक प्रयोग प्रसिद्ध केला होता, कोष वेगवेगळ्या टेंपरेचरला वाढवले, तर ३२ अंशाला वाढलेल्या माश्या नाचण्यात आणि लक्षात ठेवण्यात ३६ अंशावाल्यांपेक्षा कमी पडल्या. तो प्रयोग राण्यांवरचा नाही हे खरं, पण गार कोषातून आलेली राणी मी विकत नाही, दिसायला कितीही झकास असो.

आता मशीनच्या डिस्प्लेवर ३४.५ दिसतं म्हणजे राणीघरापाशी ३४.५ आहे असं समजू नका. स्वस्त मशीनमध्ये सेन्सर झाकणाला चिकटवलेला असतो, हीटर पण झाकणात, आणि राणीघरं खाली. थर्माकोलच्या डब्यात पंखा नसेल तर वर-खाली दोन अंशाचा फरक सहज पडतो. सेन्सरची वायर ओढून राणीघरांच्या पट्टीच्या लेव्हलला लटकवा. पंखा छोटा, कॉम्प्युटरमधला चालतो, पण त्याचा झोत थेट राणीघरांवर येऊ देऊ नका.

सेन्सर खरं बोलतो का हे बघायला महागडं काही लागत नाही, घरातला ताप बघायचा डिजिटल थर्मामीटर घ्या. तो याच पट्ट्यात नेमका असतो, आपल्या लोकांच्या लक्षातच येत नाही. पाण्याची छोटी बाटली भरून राणीघरांच्या जागी रात्रभर आत ठेवायची, सकाळी झाकण उघडून लगेच त्या पाण्यात थर्मामीटरचं टोक बुडवायचं. हवा क्षणाक्षणाला वरखाली होते, पाणी मात्र रात्रभराची सरासरी धरून बसतं. फॅरनहाइटवाला असेल तर ९४.१ यायला पाहिजे. कमी-जास्त आलं तर कंट्रोलरमध्ये तेवढी दुरुस्ती टाका. नुसतं Lo सारखं काहीतरी दाखवत असेल तर पाणी बत्तिसच्याही खाली आहे, म्हणजे काम मोठं आहे.

डबा स्वतः बनवणार असाल तर डब्ल्यू-१२०९ किंवा एसटीसी-१००० हे कंट्रोलर बाजारात सगळीकडे मिळतात आणि राणीघरांना पुरतात. त्यांच्यात डिफरन्स नावाचं सेटिंग असतं, म्हणजे किती उतरल्यावर हीटर परत चालू करायचा, ते बऱ्याचदा दोन अंश ठेवलेलं येतं, ते कमी करून अर्ध्या अंशाच्या आत आणा. हीटर कमी वॅटचा घ्या. लोक शंभर वॅटचा बल्ब लावतात, डबा एका मिनिटात तापतो, बंद होतो, परत तापतो, सगळा झोका राणीघरांना बसतो. पाण्याच्या चार बाटल्या तळाशी ठेवल्या की झोके कमी होतात, आणि लाईट गेली तर ऊब धरून राहते, हा दुहेरी उपयोग.

आणि एक गोष्ट फार कमी लोक करतात पण करा. या स्वस्त कंट्रोलरचा रिले, म्हणजे हीटर चालू-बंद करणारा आतला स्विच, कधी कधी चिकटतो, मग हीटर बंदच होत नाही आणि रात्रीत सगळी बॅच शिजते. त्यावर उपाय म्हणजे दुसरा थर्मोस्टॅट सिरीजमध्ये जोडायचा, ३६ ला सेट करून. पहिला चिकटला तरी दुसरा तोडतो. इलेक्ट्रिशियनला दहा मिनिटांचं काम आहे.

लाईट जाण्याची भीती सगळ्यांना असते. गावात सिंगल फेज जाते-येते, शेतावर तर विचारायलाच नको. पण तोंड बंद झालेलं राणीघर थोडं गार पडलेलं सहन करतं, तास-दोन तास २८-३० ला गेलं तर मी झोपेतून उठत नाही. गरमीला मात्र माफी नाही. रोज चार-सहा तास लाईट जात असेल तर बारा व्होल्टचा हीटर आणि जुनी बॅटरी, किंवा घरचा इन्व्हर्टर, तेवढं करून ठेवा. छोट्या डब्याला फार काही वीज लागत नाही.

आता तुमच्या भागाचा खरा त्रास, जो इंटरनेटवरच्या परदेशी व्हिडिओत कुणी सांगत नाही. इनक्युबेटर गरम करतो, गार करत नाही. जत, मंगळवेढा, सोलापूर पट्ट्यात मार्च अखेरीपासून दुपारी पत्र्याच्या खोलीत चाळीसच्या वर जातं. बाहेर चाळीस असेल तर आत ३४.५ राहणार कसं? हीटर बंद, कंट्रोलर शांत, डिस्प्लेवर ३९ आणि आपण शेतात. विदर्भातल्या एकाने मला हाच अनुभव सांगितला होता, तो कंपनीला शिव्या घालत होता. उन्हाळ्यात ठेवायचाच असेल तर घरातली सगळ्यात थंड खोली बघा, जुन्या मातीच्या भिंतीचं घर, तळमजला, उत्तरेकडची खोली, आणि दुपारी त्या खोलीत किती जातं ते आधी मोजा. खोली तेहत्तीसच्या वर जात नसेल तर इनक्युबेटर व्यवस्थित चालतो. जात असेल तर त्या महिन्यांत राणीघरं पेटीतच ठेवा, माश्या पाणी आणून पंखांनी वारा घालून ब्रूड (अंडी, अळ्या, कोष) चौतीस-पस्तीसला धरून ठेवतात, त्यांच्याइतका चांगला कूलर तुम्ही-मी बनवू शकत नाही. तसंही कडक उन्हाळ्यात पराग आटलेला असताना राण्या कशाला करायच्या, तुमच्याकडचा चांगला काळ म्हणजे पावसानंतर ऑक्टोबर-नोव्हेंबर आणि मग फेब्रुवारीपासून उन्हं चढेपर्यंत, जिथे फुलोरा असेल तिथे. त्या काळात रात्री थंडी असते, म्हणजे हीटरला काम आणि कंट्रोलरला सोपं.

ह्युमिडिटीबद्दल लोक उगाच जास्त घाबरतात. पन्नास ते सत्तर टक्के ठेवा, साठ धरून चाला. एका वाटीत पाणी आणि त्यात स्पंजचा तुकडा, कोरड्या हवेत वाटी मोठ्या तोंडाची घ्या, ओल्या हवेत छोट्या तोंडाची. कोकणात किंवा आमच्या घाटमाथ्यावर पावसाळ्यात कुणी करत असेल तर वाटीच काढून टाका, नाहीतर झाकणाला आतून पाण्याचे थेंब धरतात, राणीघरांवर बुरशी येते. मीटर स्वस्त असतो आणि सर्रास खोटं सांगतो, तर तो तपासायला मीठ आहे. मीठ थोड्या पाण्याने नुसतं ओलं करायचं, ओल्या वाळूसारखं, झाकणात घेऊन मीटरबरोबर हवाबंद डब्यात रात्रभर ठेवायचं. मीटरने ७५ च्या आसपास दाखवलं पाहिजे. ६५ दाखवला तर दहा मिळवून वाचायचं, एवढं सोपं.

अंडी फिरवायचा ट्रे असतो तो काढून टाका किंवा त्याची मोटर बंद करा. हसू नका, हे लोक विसरतात. दर दोन तासांनी राणीघरं डुलत असतील तर चुरगळलेल्या पंखांना दुसरं कारण शोधायला नको. तुमच्या मित्राला हे पण विचारा.

राणी बाहेर आल्यावर काय हा प्रश्न तुम्ही विचारला नाही पण तिथेही मरतात. पेटीत बाहेर आलेल्या राणीला लगेच मध सापडतो किंवा कामकरी भरवतात, इनक्युबेटरमध्ये कुणीच नाही. पिंजऱ्याच्या तळाशी मधाचा छोटासा ठिपका किंवा कँडी लागते. मध ठिपक्याएवढाच, जास्त घातला तर राणी त्यात बरबटून मरते. कँडी म्हणजे खडीसाखर किंवा साधी साखर घरी मिक्सरला बारीक करून मधात मळायची, पिठासारखी घट्ट. दुकानातली आयसिंग शुगर नको, तिच्यात कॉर्नफ्लॉवर असतं, ते माश्यांना पचत नाही. मध आपल्याच निरोगी पेटीतला, बाजारातला कधीच नाही, त्यातून रोग येतो. आणि बाहेर आलेल्या राण्या दोन दिवसांपेक्षा जास्त तिथे ठेवू नका, दाई माश्यांशिवाय त्या लवकर खंगतात.

इथे एक निर्णय तुम्हाला करावा लागेल, न्यूकमध्ये पिकलेलं राणीघर लावायचं की बाहेर आलेली व्हर्जिन (नराशी मिलन न झालेली) राणी सोडायची. व्हर्जिन आधी डोळ्याने बघता येते, पंख, पाय, आकार तपासून वाईट ती बाजूला काढता येते, हा इनक्युबेटरचा मोठा गुण आहे. पण बिनराणीच्या माश्या राणीघर जितक्या सहज स्वीकारतात तितक्या सहज व्हर्जिनला स्वीकारत नाहीत, एक दिवसाची असेल तर बऱ्याचदा घेतात, तीन दिवसांची पळायला लागलेली चुळबुळी राणी असेल तर गोळा करून मारतात. म्हणून मी गुरुवारी राणीघरंच लावतो. व्हर्जिन सोडायची वेळ फक्त न्यूक तयार नसल्या तरच. विकायच्या असतील तर गिऱ्हाईक राणीघर मागत नाही, मेट झालेली अंडी घालणारी राणीच मागतं, त्यामुळे न्यूकशिवाय सुटका नाही.

आणि मेटिंगमध्ये इनक्युबेटर काही मदत करत नाही. राणी पाच-सात दिवसांची झाली की उडते, तेव्हा आभाळात वयात आलेले नर असायला हवेत. नराला अंड्यापासून बाहेर यायला चोवीस दिवस आणि वर पिकायला साधारण दोन आठवडे. म्हणजे ग्राफ्टिंगच्या आधी दोन-तीन आठवडे तरी पेट्यांमध्ये नरांचं ब्रूड दिसलं पाहिजे. ते नसेल तर तीस सुंदर राण्या घेऊन तुम्ही आभाळाकडे बघत बसाल. शिवाय वेडे राघू आणि कोतवाल आहेतच, तारेवर रांगेत बसलेले दिसले तर न्यूक दुसरीकडे हलवा, झाडी असेल तिथे.

सातेरीवाल्यांसाठी, म्हणजे आपली देशी मधमाशी पाळणाऱ्यांसाठी, दोन शब्द, कारण हे वाचून महाबळेश्वर, जावळी, आजरा-चंदगडकडचे मधपाळ पण विचारतील. टेंपरेचर तेच धरा. राणी मेलिफेराएवढ्याच किंवा थोड्या कमी दिवसांत येते. कप लहान लागतात, मेलिफेराचे प्लास्टिक कप सातेरी नाकारते, मेणाचे घरी बनवावे लागतात. एका पेटीला राणीघरं थोडीच द्यायची, वसाहतच लहान असते. बिनराणीची सातेरी लवकर बिघडते, कामकऱ्याच अंडी घालायला लागतात, म्हणून तिथे सेल बिल्डर जास्त दिवस अडकवून ठेवणं परवडत नाही आणि इनक्युबेटरचा फायदा मेलिफेरापेक्षा जास्तच होतो. अजून एक वापर म्हणजे थवा निघायच्या सीझनला चांगल्या, शांत, निरोगी वसाहतीत आपोआप झालेली राणीघरं कापून घ्यायची. त्यांचं वय माहीत नसतं पण टोक बघा, माश्यांनी टोकाचं मेण काढून आतला तपकिरी कोष उघडा केला असेल तर ते पिकलेलं आहे, दिवस-दोन दिवसांत राणी येणार. अशी राणीघरं एक रात्र इनक्युबेटरमध्ये ठेवून सकाळी विभाजन केलेल्या पेट्यांना देता येतात. ज्या वसाहतीत थाई सॅकब्रूड हा अळ्यांचा रोग दिसलाय तिथलं राणीघर मात्र कितीही मोठं असलं तरी घेऊ नका. यातलं काही हाताने शिकायचं असेल तर महाबळेश्वरचं मध संचालनालय आणि पुण्यातली केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था या दोन जागा आहेत, चौकशी करा.

मेलेली राणीघरं फेकू नका, ब्लेडने उघडून बघा, ती बोलतात. आत पूर्ण तयार राणी, रंग आलेला, पण पंख चुरगळलेले किंवा बाहेर येता येता मेलेली, तर टेंपरेचर किंवा धक्का. आत पांढरी पातळ झालेली अळी आणि वरती राजान्न भरपूर, तर बहुतेक हलवताना पडली किंवा फार गार पडली. राणीघराची भिंत आतून काळी पडलेली आणि कोष काळा सडलेला, तर तो ब्लॅक क्वीन सेल व्हायरस असू शकतो, इनक्युबेटरचा दोष नाही, ती सेल बिल्डर बदला. राणी बारीक आणि तळाशी राजान्नाचा थेंबही उरलेला नाही, तर ती पेटीतच उपाशी होती. चांगल्या राणीघरात राणी बाहेर गेल्यावरही तळाशी सुकलेलं राजान्न उरतं, ते दिसलं की समजायचं माश्यांनी हात राखून ठेवला नव्हता.

तसंच बाहेर यायच्या वेळेवरून पण कळतं. सगळी बॅच एकसारखी एक दिवस आधी आली तर मशीन गरम आहे, सगळी एक दिवस उशिरा आली तर गार आहे. पण काही गुरुवारी, काही शुक्रवारी, काही रविवारी अशा विखरून आल्या तर मशीनला दोष देऊ नका, अळ्या वेगवेगळ्या वयाच्या उचलल्या गेल्या. तुमच्या मित्राच्या सगळ्याच लवकर आल्या होत्या म्हणून मी वर एवढ्या खात्रीने बोललो.

तर भाऊ, घेतलात तर पहिले दोन-तीन दिवस रिकामा चालवा, आत पाण्याच्या बाटल्या ठेवून, सकाळ-दुपार-रात्र टेंपरेचर वहीत लिहा, त्यात एकदा मुद्दाम तासभर लाईट बंद करून किती उतरतं ते बघा. पहिल्या बॅचची सगळी राणीघरं त्यात घालू नका. निम्मी पिंजरे चढवून सेल बिल्डरमध्येच राणी जाळीच्या वर राहू द्या, निम्मी इनक्युबेटरमध्ये, एकाच दिवशी ग्राफ्ट केलेली. दोन्हीकडच्या राण्या कुठल्या वारी, किती वाजता बाहेर आल्या आणि पंख कसे आहेत ते लिहून ठेवा. इनक्युबेटरवाल्या पेटीवाल्यांच्या आगेमागे पाच-सहा तासांत आल्या तर मशीन बरोबर लागलंय, पुढच्या बॅचला सगळी आत टाका. जास्त फरक पडला तर सेटिंगमध्ये अर्धा-अर्धा अंश बदला, एकदम दोन नाही, आणि वहीचा फोटो इथे टाका म्हणजे बघता येईल.